गुडघेवाल्यांची खुर्ची

आज खरवईला पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. मी दारात पाय ठेवला नाही तोच जाऊबाई म्हणाल्या, "अरे, काकूंना खुर्ची द्या."

आमच्याकडे कुठल्याही कार्याला भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, गुडघेवाल्या बायकांसाठी. तिथून पाळणा दिसत नाही, गप्पा ऐकू येत नाहीत, फक्त चहा येतो. दोन वर्षं मी तिथेच बसत होते.

आज सरळ सतरंजीवर बसले, पाळण्याला लागून.

"उठता येईल का? ती फिजिओथेरपीवाली काय, मालिशच करते ना?" जाऊबाई.

"मालिश नाही करत. मांड्यांत ताकद यावी म्हणून माझाच घाम काढते."

अंबरनाथच्या त्या फिजिओथेरपीवाल्या पोरीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "काकू, तुम्हाला परत काय करायचंय?" मी म्हटलं, जमिनीवर बसायचंय. ती हसली नाही. तेच शिकवत राहिली. गुडघा अजून दुखतो कधीकधी, पण दुखला म्हणून मी आता अंथरूण धरत नाही.

नाव ठेवून झालं. मी उठणार तर दोघीतिघी हात धरायला धावल्या. म्हटलं, हात लावू नका. एक गुडघा टेकला, माझ्याच हाताचा जमिनीला आधार घेतला आणि उठले. वेळ लागला, पण माझी मी उठले.

तेव्हा खुर्चीतल्या एक आजी हळूच म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही गं, खाली बसायचंय का म्हणून."

तुमच्या घरात अशी खुर्ची कुणाला दिलीय? देताना विचारलं होतं?