पालखी दारातून गेली तेव्हा

बरं झाल्यावर इतकं थकायला होईल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेंदूतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, गोळ्या संपल्या, शेवटचा एमआरआय स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, कामावर जायला हरकत नाही. गणपतीचा हंगाम आटोपल्यावर मी पेणच्या मूर्ती कारखान्यात पुन्हा रुजू झाले. कुठली मूर्ती कुठल्या गावाला, कोणत्या टेम्पोतून, ही पाठवणी माझ्याकडे; हंगाम सरला तरी ती वर्षभर चालते. पूर्वी सगळं तोंडपाठ असे. आता रोह्याहून निघालेली एसटी नागोठण्याला पोचेपर्यंत डोळा लागायचा, आणि दुपारी समोरच्या मूर्तीचा रंग सांगताना शब्दच सापडायचा नाही. मालकीणबाई लवकर घरी जा म्हणत. मी हट्टाने सगळ्यांच्या शेवटी निघे. थकले म्हणायची लाज वाटे. लोक म्हणणार, आता तर बरी झाली ना?

दसरा जवळ आला तसं मी मनाशी एक ठरवलं. दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी रोह्यात घरोघर फिरते. गेल्या वर्षी मी हॉस्पिटलात होते. यंदा दारात उभं राहून स्वतः ओवाळायचं. ते जमलं तर नोकरी करायची. नाही जमलं तर देवाच्याच मनात नाही असं समजून सोडायची. नवऱ्यालाही हे सांगितलं नाही. मी त्याला नवस म्हणत होते, पण देवाला घातलेली अटच होती ती.

त्या दिवशी रजा घेतली. नवरा कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला होता. मी सडा घातला, रांगोळी काढली, निरांजन, हळदकुंकू, हार, नारळ, सगळं क्रमाने ताटात लावलं. एक काडेपेटी सादळली तर म्हणून शेजारच्या मंदाताईंकडून दुसरी आणून ठेवली. दुपारी मागच्या आळीत पालखीपुढचा खालूबाजा वाजू लागला, तशी ओटीवरच्या खुर्चीत जरा टेकले.

जाग आली तेव्हा बाजा पार लांब, पुढे वाजत होता. रांगोळी पावलांनी विस्कटलेली, उंबऱ्यावर गुलाल, माझ्या मांडीवर झेंडूचं एक फूल. मला माझं उत्तर मिळालं, असं वाटलं. तशीच बसून रडले.

मंदाताई पायरीवर नारळाची वाटी घेऊन बसल्या होत्या. माझ्या नावाने त्यांनीच ओवाळलं होतं. त्यांनीच मग सगळं सांगितलं. त्या मला उठवायला येत होत्या, पण पालखीच्या एका म्हाताऱ्या भोयाने माझ्या डोक्याचा रुमाल आणि त्याखालची टाक्यांची खूण पाहिली आणि हात आडवा केला.

“झोपू दे गो तिला,” तो म्हणाला. “महाराज काय हजेरी घ्यायला आलं नाय.”

मग त्याने बाजावाल्यांना खूण केली. आमच्या दारापासून आळीच्या वळणापर्यंत पालखी बिनबाजाची गेली.

“असं कधी बघितलं नाय मी,” मंदाताई म्हणाल्या. “आणि तू अशी घोरत होतीस, की बाजाची कमी वाटली नाय.”

रडता रडता मला हसू आलं.

तो भोई आमच्या ओळखीचा नव्हता. एरवी मी नाव, आळी सगळं विचारून घेतलं असतं. तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. ज्याच्यापुढे उभं राहून दाखवायचं होतं, तो देवच माझी झोप मोडू नये म्हणून गुपचूप गेला होता.

दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन मालकीणबाईंना सांगितलं, की दुपारी मला थोडं आडवं व्हावं लागेल, तेवढा वेळ टेम्पो दुसऱ्या कुणी बघावा. त्या म्हणाल्या, “तू कधी बोलतेस याचीच वाट बघत होते.”

थकवा गेलेला नाही. पुढच्या तपासणीची भीतीही आहे. कधी एखादी मूर्ती चुकीच्या टेम्पोत चढते आणि कुणीतरी उतरवून घेतं. जेवणानंतर मी पेंढ्याच्या गठ्ठ्यांमागे चटईवर पडते. कुणीतरी रेडिओ बारीक करतं, पॉलिश पेपरची खरखर थांबते. हात जोडण्याइतकं त्राण नसतं. महाराज, आता तुम्ही बघा, एवढं म्हणते आणि झोपते.