दोन कुलपांची कंपनी

किश्शांचं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांसारखं असतं. टाकवत नाहीत म्हणून धुऊन ठेवायच्या, आणि एक दिवस ओट्याखाली हात घातला की हा ढीग! परवा आमच्या कंपनीतल्या एच.आर.च्या मुलीचा फोन आला. "मॅडम, सिल्व्हर ज्युबिलीच्या अंकासाठी टीमवर्कवर काहीतरी इन्स्पायरिंग द्या ना." मी म्हटलं, इन्स्पायरिंग नाही, पण खरं आहे ते देते. "चालेल, आम्ही एडिट करून घेऊ," म्हणाली. घ्या बापडे.

सुरुवातीला आम्ही तिघंच होतो. लेले शनिवार पेठेतले. वानखडे अमरावतीचे, शिकायला म्हणून पुण्यात आले ते राहिलेच. दोघांनी कारखान्यातल्या बऱ्या नोकऱ्या सोडून भागीदारीत कम्प्युटरचा धंदा काढला. आणि टायपिंगला मी, कुलकर्णी बाई, विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येणारी. लेलेंना कुणाशी गोड बोलता यायचं नाही आणि वानखडेंना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. अशी आमची टीम.

*

जागा लेलेंच्या मामांची, शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर. मामा कोर्टातून निवृत्त झालेले. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "भागीदारी विश्वासावर चालते. म्हणून दाराला कुलपं दोन लावा."

लागली! वरच्या कडीला लेलेंचं जुनं कुलूप, बोटभर लांब किल्लीचं. खालच्या कडीला वानखडेंचं नवं, चपट्या किल्लीचं. दोघं आल्याशिवाय ऑफिस उघडायचं नाही, हा नियम. संध्याकाळी दोन्ही कुलपं दाबून लावायचं काम मात्र माझं. जो आधी येईल त्याने जिन्यात बसायचं. मी तर रोजच आधी यायची. त्या जिन्यात माझे तीन स्वेटर विणून झाले.

*

मग पाटी. नाव कुणाचं आधी, यावर आठवडा गेला. शेवटी रस्त्यावर आडवी निघणारी, दोन बाजूंची पाटी केली. नदीकडून आलात तर 'लेले आणि वानखडे', शनिवारवाड्याकडून आलात तर 'वानखडे आणि लेले'.

एक गिऱ्हाईक नदीकडून आलं. वानखडे बाहेर गेले होते, लेलेंनी भाव सांगितला. ते म्हणाले, "जरा जास्त होतात." लेले म्हणाले, "मग जरा कमी कम्प्युटर घ्या." ते गृहस्थ रागारागाने निघून गेले.

तासाभराने तेच गृहस्थ शनिवारवाड्याकडून आले, पाटी वाचून त्यांना हे दुसरंच दुकान वाटलं. जिन्याच्या तोंडाशी त्यांना वानखडे भेटले, तिथेच भाव ठरला, ॲडव्हान्सही देऊन झाला. जाताना वानखडेंच्या कानाशी लागून म्हणाले, "त्या वरच्या लेलेंकडे माणसं जातात तरी कशी हो?"

वानखडे वर येऊन म्हणाले, "काम तर आलं ना जी?"

*

एका सोमवारी दार उघडलं तर पंखा गरगर फिरतोय आणि माझ्या टेबलावर शेंगदाण्याची टरफलं. वानखडेंच्या खिशात कायम शेंगदाणे, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. लेले टरफलांकडे बघत म्हणाले, "बाई, शनिवारी पंखा बंद करायला विसरलात."

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या वेळी टरफलं नव्हती, लेलेंच्या टेबलावर, शनिवारी ते खिशात घालून गेलेली, तपकिरीची डबी उघडी पडली होती. वानखडे ती डबी बघून मलाच म्हणाले, "ताई, तुम्ही लयच विसरून राहिल्या."

मी मेली शनिवारी सगळी बटणं दोनदा तपासून निघायची. पण पगार देणारे दोघंही एकमताने बोलले अशी तेवढी एकच गोष्ट, म्हणून गप्प बसले.

*

मग दोन हजार साल जवळ आलं. त्या वर्षी म्हणे जगातले कम्प्युटर तारखेला गोंधळणार होते, आणि ते निस्तरायचं काम पुण्यात घरोघरी येत होतं. आमच्याकडेही एका अमेरिकन कंपनीचं थोडं आलं. नीट जमलं तर मोठं काम मिळणार होतं.

नेमकं तेव्हाच दोघांचं फाटलं. कारण तारीखच. वानखडेंनी लेलेंना न विचारता काम पुरं करायची तारीख देऊन टाकली. या वेळचं भांडण निराळं होतं. मामांनी वेगळं व्हायचे कागदसुद्धा तयार केले. ते माझ्या ड्रॉवरमध्ये, फक्त सह्या बाकी. लेले म्हणायचे, "आधी त्यांना करू दे." वानखडे म्हणायचे, "पहिले ते करतीन." मला रात्रंदिवस एकच घोर. या वयात, दोन बस लांब, मला दुसरीकडे कोण घेणार होतं? आणि खरं सांगायचं तर त्या दोघांशिवाय मला करमलंही नसतं.

अबोला धरला तरी नियम चालूच. सकाळी दोघं जिन्यात भेटायचे, भिंतीकडे बघत आपापलं कुलूप काढायचे. बोलणं ई-मेलवर, तेही इंग्रजीत. लेलेंनी लिहिलं, "आपण न विचारता तारखा देता. हे बरोबर नाही." वानखडेंनी उत्तर दिलं, "आपण विचारूनही तारीख देत नाही. हे तर अजिबातच बरोबर नाही."

अमेरिकेचं काम आणि हे भांडण, दोन्ही कंपनीच्या एकाच ई-मेलवर; बटण भलतंच दाबलं गेलं, आणि हे सगळं अमेरिकेला पोचलं. आम्ही तिघंही घाम पुसत बसलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या साहेबाचं उत्तर आलं: "तुमच्या टीममधला मोकळेपणा फार आवडला. काम ठरवायला मी स्वतः येतो."

*

साहेब दहाला यायचा होता. मी आठलाच जिन्यात हजर. साडेआठला लेले एकटेच आले, चेहरा पडलेला. "वानखडेंचं अपेंडिक्स. पहाटे ॲडमिट केलंय. आत्ता ऑपरेशन चालू असेल."

मी खालच्या कुलपाकडे बघितलं. "मी रिक्षाने जाऊन किल्ली आणते."

"नको. तुम्ही मंडईत जा, साहेबासाठी हार आणा."

"काल तर हार नको म्हणालात."

"काल मी मूर्ख होतो. जा आता."

हार घेऊन आले तर दोन्ही कुलपं उघडी, आपापल्या कडीत लटकलेली. लेले आत टेबलं पुसत होते.

साहेबाने विचारलं, दुसरे पार्टनर कुठे? लेले म्हणाले, "हॉस्पिटलमध्ये. हे जे दिसतंय ते त्यांच्यामुळे उभं आहे. मी एकटा असतो तर सगळी गिऱ्हाइकं पळाली असती." इतकं बोलून त्यांनी चष्मा पुसायला काढला. काम मिळालं.

दुपारी मी हॉस्पिटलमध्ये सांगायला गेले. वानखडे गुंगीत होते. वहिनींनी रुमालात बांधलेलं त्यांच्या खिशातलं सामान माझ्यापुढे धरलं. "ताई, ऑफिसची किल्ली घेऊन जा जी. लेले साहेबांचं अडलं असेल."

रुमालात घड्याळ, कंगवा, चार शेंगदाणे आणि एक जुडगा होता. जुडग्यात दोनच किल्ल्या होत्या. एक चपटी आणि एक बोटभर लांब.

"राहू द्या," मी म्हटलं, "ते बरे झाले की स्वतःच घेऊन येतील."

पंधरा दिवसांनी वानखडे आले; तोवर रोज मी यायच्या आधीच दोन्ही कुलपं निघालेली असायची. पावणेनऊला, पोटावर हात धरून, एकेक पायरी चढत. येऊन माझ्या शेजारी जिन्यात बसले. कधी नव्हे ते लेलेंना त्या दिवशी उशीर झाला. दगडी पायरी, टाके नुकतेच काढलेले. माणूस कळवळत होता.

"साहेब, आत जाऊन खुर्चीत तरी बसा," मी म्हटलं.

"बसा ताई. लेले येतीन."

सव्वानऊला लेले आले. कितीतरी महिन्यांनी दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं.

"कसं आहे?" लेलेंनी विचारलं.

"बरं आहे जी. त्या दिवशी दार कसं काय उघडलं?"

लेलेंनी खिशातून लांब किल्ली काढली, वरच्या कुलपात घातली. "उघडंच होतं. बाई आदल्या दिवशी खालचं लावायला विसरल्या होत्या."

वानखडेंनी मान हलवली आणि चपटी किल्ली काढली.

"हो," ते म्हणाले, "ताई विसरतातच."