आंबटमावशी आणि अडगळीतला फाटा

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बीटचा रस तपासणाऱ्या बाईंना सगळे आंबटमावशी म्हणत. स्वभावावरून नव्हे, स्वभाव तर पाकासारखा. पण रसात जंतूंनी ठाण मांडून साखर खायला सुरुवात केली, की यंत्राच्या आधी मावशींच्या नाकाला आंबटपणाची वर्दी मिळे. कानामागे पेन्सिल, हातात बाटल्यांची जाळी अशा मावशी दारात उभ्या राहिल्या, की नाटकात मुख्य पात्र आल्यासारखी सगळ्यांची कुजबुज थांबायची.

त्या हंगामात मात्र आंबटपणा हटेना. जंतुनाशक टाकलं की दोन तास रस शहाण्यासारखा वागे, मग पुन्हा तेच रडगाणं. साहेबांनी सांगून टाकलं, उद्या संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर बीटच्या कापांतून रस काढणारा अख्खा मनोरा रिकामा करायचा. म्हणजे चार दिवस कारखाना बंद आणि बाहेर बीटचे ढीग सडत पडणार.

मावशींनी वाटेवरच्या प्रत्येक नळाखाली बाटली धरली. चोथा पिळून निघालेलं कोमट पाणी मनोऱ्याकडे परत जातं, ते एका वळणापर्यंत ठीक होतं, पुढे आंबट. वळणावर पाइपला हातभर लांबीचा एक फाटा होता, टोकाला बंद. पाणी त्यात शिरून नुसतं बसून राही. जंतूंना याहून झकास बिऱ्हाड कुठलं मिळणार? जंतुनाशक दारावरून निघून जाई, आत पोचतच नसे.

मावशी तिथंच टेकल्या. फाटा त्यांच्या यजमानांनी जोडलेला होता. ते इथलेच वेल्डर, निवृत्तीआधीचं त्यांचं हे शेवटचं काम. पुढे नवा पंप आला नि फाट्याची गरज संपली, पण यजमानांचं कौतुक संपलं नव्हतं. पाव्हण्यारावळ्यांना ते अजून त्या जोडाची गोष्ट रंगवून सांगत.

साहेबांना सांगून गुपचूप दुसऱ्याकडून तो कापून घेता आला असता. मावशींना ते जमेना. घरी त्यांनी आधी दोन वेळा ओटा पुसला, मग एका दमात सगळं सांगितलं.

यजमानांनी टीव्ही बंद केला.

"कापायचाय?"

"कापायचाय."

"मग दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

सकाळी ते जुना गॉगल घेऊन हजर. फाटा निघाला, तेव्हा आत ओंजळभर चिकट, तार सुटलेला गाळ होता. त्यांनी तो बघितला, पाइपचं कापलेलं तोंड बंद करून घासून गुळगुळीत केलं आणि घरी निघाले. मावशींनी ताट झाकून ठेवल्याचं सांगितलं, तर जेवण नको म्हणाले.

दिवेलागणीला मावशींनी फोन लावला. "अहो, आंबटपणा गेला, रसाचा पीएच सहाच्या वर आहे. दुपारपासून घसरला नाही."

"बरं. आणि माझा जोड?"

"इतका पक्का, की तो कापायला तुम्हालाच दोन तास लागले."

पलीकडून ताट ओढल्याचा आवाज आला.