अवसेची दिवड

लग्न होऊन मी सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात आले, ती दुसरी लढाई लागायच्या आधीची गोष्ट. माहेर शहापूरकडचं. तिकडं पोरी शेताच्या बांधावरच मोठ्या होतात, त्यामुळं बिळात हात घालून मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरण्यात मी तरबेज होते. आणि सासरी ते सगळ्यांना दिसावं असं मला फार वाटायचं. खोटं कशाला बोलू!

आषाढातली अवस होती. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, म्हणून घरोघरच्या बाया बांधावर मुठे धरायला आल्या होत्या. एरवी मी आधी बीळ बघते. तोंडाशी चिखलाच्या ताज्या गोळ्या असल्या तर आत मुठा. चिखल घासून गुळगुळीत झालेला असला तर आत जनावर. त्या दिवशी मात्र बढाईच्या भरात बघितलंच नाही. खांद्यापर्यंत हात घातला आणि मधल्या बोटाला कडकडून डसलं. हात ओढला तर बोटाला लोंबतच साप बाहेर आला.

"घोणस! घोणस!" बाया पाट्या टाकून पळाल्या.

"घोणस नाय, दिवड हाय!" मी ओरडले. त्याची मान धरून बोट सोडवलं आणि नीट न्याहाळलं. पिवळट अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे चौकोन, डोळ्याखालून तिरक्या दोन काळ्या रेघा, बाहुली गोल. अंग खरखरीत, हाताला तो उग्र वास. बोटावर बारीक दातांची रांगच्या रांग, रक्त भळभळ. दिवडच. पाण्यातलं गरीब जनावर, विष नाहीच.

तोवर सासरे कोयता घेऊन धावत आले. दिराने माझ्या मनगटाला सुंभ आवळलं. त्या गावची रीतच तशी. साप बोटाला चावला की बोट ओंडक्यावर ठेवायचं आणि तोडायचं. विचारायचं नाही.

"मामंजी, ही दिवड हाय, बघा तरी!"

"दिवडच हाय, दिसतंय मला," सासरे म्हणाले. "पन आज अवस. अवसेला दिवडीला इख चढतं. मलाबी दिवडच डसली व्हती. माज्या बानं बोट अवसेलाच तोडलं, म्हनून मी आज उभा हाय." त्यांनी डावा हात पुढं केला. करंगळी नव्हती.

उजव्या हाताचं मधलं बोट! भाताची आवणी त्याच हातानं, भाकरी त्याच हातानं. मला धडकी भरली आणि त्याहून जास्त संताप आला. सासऱ्यांसमोर तोंड वर करायची सोय नव्हती, पण बोटच जाणार तर पदर काय कामाचा? दिवड अजून माझ्या डाव्या हातात होती, ती उजव्या हातात घेतली. मी डाव्या हाताचं बोट तिच्या तोंडाशी नेलं आणि दाबलं. ती परत डसली.

"घ्या, आता दोन तोडा! नायतर मुठे शिजस्तवर थांबा, इख असंल तर तवर कळंलच."

"गो बया, ही पोरगी याडी झाली!" आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कपाळावर हात मारून खाली बसल्या.

सासरे थांबले. माझ्यावरच्या मायेनं की दोन बोटं तोडायच्या भीतीनं, देव जाणे. मी सुंभ सोडलं, दिवड घरी आणून पाटीखाली झाकली आणि मुठ्यांचा मसाला पाट्यावर मीच वाटला. मिरचीनं दोन्ही बोटं अशी चुरचुरली म्हणता! पण हूं केलं असेल तर शपथ. दारात निम्मं गाव. कुणी माझे डोळे बघतंय, कुणी विचारतंय, "जीभ जड झाली काय गो?" मी म्हटलं, "जड झाली असती तर तुमाला बरं वाटलं असतं." रस्सा उकळला. बोटं सुजलीसुद्धा नाहीत.

मीच सगळ्यांना वाढलं. ताठ मानेनं, आणि मनातून नाचत!

सासरे मात्र जेवले नाहीत. पाटी उचलून दिवडीकडं बराच वेळ बघत बसले. मग आत्याबाईंना हळूच म्हणाले, "माजा बा घाबरला व्हता. दुसरं काय नव्हतं." मला तेव्हा रडू आलं. त्यांनी स्वतः दिवड उचलली, शेतात सोडली आणि येताना दारोदार बजावत आले, "आदी माज्या सुनेला जनावर दाखवा. कोयता मंग."

दोन वर्षांनी शेजारच्या माणसाला बोटाला साप चावला. मला बोलावलं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासत करवतीगत आवाज काढणारं ते फुरसं मी लांबूनच ओळखलं. "हे वंगाळ हाय," मी म्हटलं, "गाडी जुंपा, मुरबाडच्या दवाखान्यात न्या." सासऱ्यांनीच बैल जुंपले. पंधरा दिवसांनी तो माणूस आपल्या पायांनी चालत आमच्या दारात आला आणि त्यानं मला हात जोडले. दहाच्या दहा बोटं होती.