तारवाल्यांची गाडी आम्ही कशी खोलली

टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून चौतीस वर्षं खांबांवर चढलेल्या माझ्या शेजाऱ्यांना सगळी गल्ली तारवाले म्हणते. त्यांची बायको तेवढी ‘अहो’ म्हणते, आणि रागावली की ‘खांब’ म्हणते, तेही तोंडावर. माणूस उंच, सरळ, कमी बोलणारा. कुणाचा पंखा अडला, कुणाच्या दाराची घंटी वाजेनाशी झाली की लोक आधी त्यांच्याकडे यायचे. ते टेबलावर रुमाल पसरायचे आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडून ठेवायचे. मी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. इतकी नीटनेटकी वही माझ्या हाताखालून फार कमी वेळा गेली.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी घेतलेली त्यांची मोटारसायकल मात्र अजिबात नीटनेटकी नव्हती. टाकी हिरवी, मडगार्ड लाल, एका बाजूचं झाकण घरीच कापलेल्या पत्र्याचं. सीटवर रेक्झिनचे तीन थर, आणि तिन्ही फाटलेले. किक मारली की ती आधी खोकायची, मग शिंकायची, मग चालायची. गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेला मिस्त्री त्यांना रोज छेडायचा.

“तारवाले, ही गाडी नाही, दम्याचा पेशंट आहे. किक मारू नका, पाठ चोळा.”

“चालते ना?”

“चालते.”

“मग तुला काय त्रास?”

“एकदा पूर्ण खोलू द्या. रंग, निकेल, इंजिनचं काम. नवी करून देतो.”

“चालू लाइनला हात लावायचा नाही,” तारवाले म्हणायचे. हा खात्यातला नियम होता आणि तो ते घरीदारी सगळीकडे पाळायचे. गाडी जशी आहे तशी चालवायची, मोडेल तेवढंच दुरुस्त करायचं. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तेच केलं.

मग डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, आत एक छोटं काढलं आणि मधला सगळा पट्टा पेनने काळा केला. “कडेचं गेलंय. ते परत येणार नाही. समोरचं थेंबांनी टिकवू. गाडी आजपासून बंद.”

बाहेर येऊन तारवाले बायकोला म्हणाले, “मला समोरच जायचं असतं.”

वहिनींनी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. त्यांनी हेडलाइटखालच्या दोन तारा जोडल्या आणि भाजी घेऊन आले. वहिनींनी पेट्रोल काढून टाकलं, ते बाटली घेऊन पंपावर चालत गेले. चाकातली हवा सोडली, तर त्यांनी अंगणात बसून निवांत हवा भरली आणि शेजारच्या तीन सायकलींतही भरून दिली. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, सरकारने चौतीस वर्षं या माणसाला माझ्याविरुद्ध ट्रेनिंग दिलंय.”

इथवर आम्ही हसत होतो.

एका सकाळी मी कोपऱ्यावरच्या वह्यांच्या दुकानात उभा होतो. तारवाले हळू, अगदी हळूच आले. डाव्या बाजूने एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन चालली होती. हँडलमध्ये मुलीच्या दप्तराचा पट्टा अडकला, ती दोन पावलं ओढली गेली आणि हनुवटीवर पडली. बाई ओरडली. तारवाल्यांना वाटलं असावं, ओळखीचं कुणीतरी हाक मारतंय. त्यांनी मागे न बघता डावा हात वर केला, हलवला आणि पुढे गेले.

मुलीला पाच टाके पडले. दवाखान्यात मी बरोबर होतो. तिच्या आईला मी त्यांचं नाव सांगितलं नाही. घरी येऊन वहिनींना मात्र सगळं सांगितलं. हात हलवल्याचंही सांगितलं; ते सांगायला नको होतं.

त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, “हे त्यांना कळू द्यायचं नाही. कळलं तर गाडी सोडतील, पण पुन्हा झोपायचे नाहीत. ती पोर मोठी होऊन लग्न करेपर्यंत तिच्या दारात जाऊन उभे राहतील.”

“मग गाडी कशी सोडवायची?”

ते मिस्त्रीने सांगितलं. दुपारी आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो होतो. तो हात पुसत म्हणाला, “बंद पाडून उपयोग नाही, ते चालू करतात. खोलायलाच पाहिजे. आणि खोल म्हणून त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे. मग काय, पार्ट मिळत नाही. पंचेचाळीस वर्षांची गाडी. पार्ट मिळत नाही यात खोटं काहीच नाही.”

“आणि कधीच मिळणार नाही?” वहिनींनी विचारलं.

“तुम्ही म्हणाल तोवर नाही.”

“पण त्यांना तयार कोण करणार?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ते साहजिक होतं. तारवाले माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नसत. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांचे खात्याशी होणारे सगळे अर्ज मी लिहिले होते, आणि मास्तर खोटं बोलत नाहीत अशी त्यांची समजूत होती. त्या दिवसापर्यंत ती बरीचशी खरीही होती.

कोणत्या मुलाला रागवावं, कोणाला चढवावं आणि कोणाला नुसतं गप्प राहून रडवावं, हे इतकी वर्षं शिकवल्यावर आपोआप कळतं. संध्याकाळी ते अंगणात चेनला तेल देत होते. मी ओट्यावर बसलो.

“तारवाले, तुमच्यानंतर हिचं काय?”

“म्हणजे?”

“अशी दिसते तर भंगारवाला वजनावर नेईल. चौतीस वर्षं तुमच्या हातून एक सांधा कच्चा गेला नाही, आणि तुमच्या मागे तुमचं म्हणून राहणार काय, तर हे.”

त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. पत्र्याच्या झाकणावर बोट फिरवलं. हे झाकण त्यांनी कुठल्या मुक्कामात, कशाच्या पत्र्यातून कापलं ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मी मुद्दाम त्याच्याकडे बघत होतो.

“एकदा पूर्ण करून ठेवा. नातीला दाखवता येईल,” मी म्हणालो.

दोन दिवस ते चेनच पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. चालवत नेली नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं.

आमची चूक अशी झाली की खोलताना ते बाजूला उभे राहतील असं आम्ही धरून चाललो. ते पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक चिठ्ठीला भोक आणि भोकात दोरा. जाड केबल उघडली की आतल्या शेकडो तारांना ते असेच क्रमांक बांधत. मिस्त्री एकेक भाग काढायचा. तारवाले त्याला चिठ्ठी बांधायचे आणि जाड पेनाने आकडा घालायचे. नट, वॉशर, कार्ब्युरेटरमधली सुई, काहीही सुटलं नाही. दोरा भोकात ओवणं त्यांना जमत नव्हतं, समोरचंही आता पुसट होत होतं, म्हणून ओवून मी देत होतो. दोनशे चौदा चिठ्ठ्या झाल्या. गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत लाकडी फळीवर ओळीने मांडल्या.

“सोपं आहे,” ते मला म्हणाले. “शेवटी निघालेलं आधी बसवायचं. दोनशे चौदापासून उलटं एकपर्यंत. लहान पोरही जोडेल.”

मग पार्ट मिळेनात. पहिल्या महिन्यात पिस्टनच्या रिंगा मिळेनात, दुसऱ्या महिन्यात निकेलवाल्याची मुलाम्याची टाकी गळायला लागली, तिसऱ्यात रंगवाला गावाला गेला. तारवाले रोज सकाळी जाऊन बाकावर बसायचे. मिस्त्रीला ते झेपत नव्हतं. छेडणं त्याने बंद केलं, आणि त्यावरूनच खरं तर त्यांना संशय यायला हवा होता.

चौथ्या महिन्यात ते मिस्त्रीला शांतपणे म्हणाले, “राहू दे तुझं निकेल. जुन्या रिंगा चांगल्या आहेत, मी मोजल्यात. आहे तशी मीच जोडतो. सोमवारपासून.”

मिस्त्री धावत वहिनींकडे आला. “वहिनी, ते खरंच जोडतील. आठ दिवसांत किक मारतील.”

शनिवारी तारवाल्यांची मुलगी येऊन त्यांना डोळे तपासायला घेऊन गेली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. त्या दुपारी आम्ही तिघं पत्र्याच्या खोलीत होतो. मिस्त्रीने कुलूप उघडलं आणि तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. वहिनींनी शिवणाची कात्री आणली होती. मी कात्री धरली नाही. मी डबा धरला. त्या दोरा कापायच्या, चिठ्ठी डब्यात पडायची. माझ्याच हाताने ओवलेले दोरे होते. शंभराच्या आसपास वहिनी थांबल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “त्या पोरीची हनुवटी डोळ्यांपुढे आणा, भाऊजी. मी तेच करतेय.” शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी फळीवरचं सगळं सरकवून एकात एक मिसळलं. घरी जाऊन डब्यातल्या चिठ्ठ्या जाळल्या.

आमचा हिशेब असा होता की ते चिडतील. मिस्त्रीच्या नावाने, उंदरांच्या नावाने, कदाचित आमच्याही नावाने ओरडतील, चार दिवस जेवणार नाहीत आणि गाडी सुटेल. चिडलेल्या माणसाला सांभाळायची आमची तयारी होती.

सोमवारी ते गेले आणि अर्ध्या तासात परत आले. ओरडले नाहीत. खोलीला कुलूप होतं, किल्ली मिस्त्रीकडे होती आणि मिस्त्रीवर त्यांचा विश्वास होता. त्यामुळे आत कुणी गेलं असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. हातात एकच चिठ्ठी होती. आकडा एकशे एकतीस. एका बारक्या स्प्रिंगला बांधलेली, फळीमागे घरंगळली होती. आमच्या नजरेतून सुटलेली.

“मास्तर, हे अक्षर माझंच ना?”

“तुमचंच.”

“म्हणजे मी बांधायला घेतलं होतं. पुढे बांधल्या का सगळ्या? मला आठवतं की बांधल्या. तुम्ही दोरा ओवून देत होतात असंही आठवतं. पण तिथे तर एकही नाही.” त्यांनी चिठ्ठी डोळ्यांसमोर, अगदी नाकाशी धरली. “तुम्ही होता तिथे. बांधल्या होत्या का?”

माझ्यापुढे दोन उत्तरं होती. एकाने गाडी परत आली असती. दुसऱ्याने काय जाईल याचा अंदाज मला आला होता. आला नव्हता असं लिहिलं तर तेही खोटं होईल. मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, “बांधू या म्हणाला होतात. दोन-चार बांधल्याही. मग राहून गेलं.”

“आणि दोरा?”

“मी नव्हता ओवला.”

त्यांनी मान हलवली, वर्गात चूक दाखवल्यावर शहाणा मुलगा हलवतो तशी. “असंच झालं असणार,” म्हणाले. “बरं झालं विचारलं.”

गाडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आम्हाला हवं होतं ते झालं. पण त्या आठवड्यात शेजारची बाई अडलेला पंखा दाखवायला आली, तर ते म्हणाले, “दुसऱ्या कुणाला बोलवा. माझ्या हातून उलटसुलट व्हायचं.” घरातला फ्यूज गेला, तर खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले आणि बाहेरून आलेला माणूस काय करतो ते बघत राहिले. त्याने तार चुकीची घातली. त्यांनी पाहिलं असावं, कारण त्यांची बोटं हलली. पण ते बोलले नाहीत. जेवून उठले की विचारायचे, “जेवलो ना मी?” दाराची कडी लावून पुन्हा बघायला जायचे. दुकानात एकटे जाईनात. दोन महिन्यांत तो उंच माणूस घरात भिंतीला हात लावून चालू लागला, आणि त्यात डोळ्यांचा दोष थोडाच होता.

वहिनी टोमणे मारायच्या थांबल्या. मग एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. तारवाले खुर्चीत होते. त्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

“अहो, ऐका. चिठ्ठ्या तुम्ही बांधल्या होत्या. सगळ्या. दोनशे चौदा. मी कापल्या, माझ्या कात्रीने. तुम्हाला काही झालेलं नाही.”

तारवाले हसले. “मास्तरांना विचारलंय मी. त्यांनी सांगितलं, राहून गेलं.”

“भाऊजी खोटं बोलले.”

“मास्तर?” त्यांनी माझा आवाज येईल त्या दिशेने मान वळवली, मी अजून बोललो नव्हतो तरी.

मी म्हणालो, “वहिनी खरं सांगताहेत. डबा माझ्या हातात होता. दोरे मीच ओवले होते.” मग मी मुलीचंही सांगितलं. कोपरा, दप्तराचा पट्टा, पाच टाके. काही राखून ठेवलं नाही.

ते लक्ष देऊन ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला. शोधत ठेवला, आधी खांद्याला लागला.

“एका पोरीला पाडून मी न बघता गेलो,” ते म्हणाले, “हे तरी काहीतरी पटेल असं रचायचं होतं, मास्तर. माझी आठवण गेली हे मला लागू नये, यासाठी तुम्ही दोघांनी केवढं अंगावर घेतलंत.”

वहिनी रडायला लागल्या.

“अगं, रडतेस कशाला. वयच आहे,” ते म्हणाले. “मला एवढं सांग, सकाळचे थेंब घातले का मी?”

“घातलेत,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हीच घातलेत.”

“बघ,” ते मला म्हणाले. “तेही नाही आठवत.”