सासऱ्यांनी पडीत ठेवलेला गाल

माझ्या सासऱ्यांइतका तोंड येण्याच्या कारणांचा जाणकार अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही. अकोल्याजवळच्या त्यांच्या गावात कुणी नुसतं गाल आवळून बोललं, तरी हे ओट्यावरून हाक मारणार, "आ कर बरं!" समोरचा तोंड उघडेपर्यंत यांचं निदान झालेलं असायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच मुक्कामी माझ्या जिभेवर फोड आला होता. नव्या जावयाला ताटावर बसवायचं सोडून यांनी मला अंगणात उजेडाला उभं केलं, शेजाऱ्यांदेखत जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाले, "जवाईबापू, तुमी झोपत नाई. अमरावतीले रातभर मोबाइल पाह्यत बसत असान." खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

कुणाचा टोकदार दात गालाला घासतोय, कुणाच्या अंगात रक्त कमी आहे, कुणाला जीवनसत्त्वं कमी पडताहेत, कुणाच्या ओठावरचे फोड नुकत्याच उतरलेल्या तापाचे आहेत, हे ते घडाघडा सांगत. वरूडहून संत्री आली की ती कुणी खायची आणि कुणी हातही लावायचा नाही, हेही तेच ठरवत. थोरल्या सुनेचं तोंड सारखं यायचं, तेव्हा त्यांनी बायकोला सगळ्यांसमोर सुनावलं, "तिले टेन्शन हाये. अन् थे टेन्शन तू हायेस." सासूबाई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, सुनेचं तोंड मात्र बरं झालं.

हे सगळं ज्ञान ते गालात खर्रा धरून वाटत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा सकाळीच पानठेल्यावरून यायचा आणि डाव्या गालात मुक्काम ठोकायचा. त्याच गालात आधी पांढरा चट्टा उठला, मग जखम झाली, आणि आमच्या जाणकारांना जगातली सगळी कारणं आठवली. ठेचा आठवला, नवी टूथपेस्ट आठवली, उन्हाळा आठवला. खर्रा तेवढा आठवला नाही. माझी बायको रडली, भांडली, जेवण सोडून बसली. तेव्हा त्यांनी तोडगा काढला तो अस्सल कास्तकाराचा. "एकाच वावरात दरसाली कपाशीची पराटी लावली तं जमीन खराब होते. फेरपालट करा लागते," असं म्हणून त्यांनी खर्रा उजव्या गालात हलवला. डावा गाल यंदा पडीत ठेवलाय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, मला कळेना.

जखम पसरतच गेली. ज्यांनी साऱ्या गावाला आ करायला लावलं, त्यांच्या तोंडात भाकरीचा घास जाईना; सासूबाई वरणात कुस्करून भरवू लागल्या. शेवटी मी त्यांना जबरदस्तीने अमरावतीला आणलं. डॉक्टरांनी टॉर्च लावला आणि म्हणाले, "आ करा." त्यांना ते जमलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तशी नजर मला पुन्हा कुणाची पाहायची नाही. जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि ज्याची भीती होती तेच निघालं. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. खर्रा सुटला, आणि बोलणंही जवळपास सुटलं. पुढचं विचारलं की डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात.

आता ते ओट्यावर गप्प बसून असतात. लोक येतात, तब्येत विचारतात, पण तोंड उघडून दाखवायला कुणी येत नाही. मला ते सोसवेना. परवा मी फोन केला आणि चक्क खोटं बोललो. "मामाजी, जिभेवर पुन्हा फोड आलाय. काय कारण असेल हो?" माझी झोप, माझा मोबाइल, काहीतरी काढतील, पूर्वीसारखं झापतील, एवढीच आशा होती. पलीकडून जड, अडखळता आवाज आला.

"कारण नोका शोधू, जवाईबापू. आजच दाखवा."