आप्पांनी न चाखलेलं गवत

आमचं ऑफिस चितेगावच्या अलीकडे, पैठण रस्त्याला. पर्यावरणपूरक इमारत. उगाच नावं ठेवणार नाही. भर मे महिन्यात आत गारवा असतो, दिवसा दिवा लावावा लागत नाही, वापरलेलं पाणी गाळून हिरवळीला जातं. उस्मानपुऱ्यातल्या जुन्या कोंदट ऑफिसात माझं डोकं रोज ठणकायचं, ते इथं आल्यापासून थांबलं. पण हल्ली या गारव्यात बसवत नाही.

आप्पा धनगर. इमारत व्हायच्या आधी या माळावर त्यांच्या बापजाद्यांची मेंढरं चरायची. कागदावर माळ त्यांचा कधीच नव्हता, त्यामुळे कुंपण घालताना त्यांना कुणी विचारायचा प्रश्नच आला नाही. मग आप्पा रस्त्याकडेला मेंढरं चारू लागले. कळप रोडावत गेला. उरला तेवढ्यावर ते आणि त्यांची बायको म्हाळसाबाई जगत होते.

आमचे मॅनेजर विश्वजित सर यांच्या डोक्यात आलं, की हिरवळ कापायला धूर सोडणारं यंत्र कशाला, मेंढरंच चरू द्यावीत. खतही मिळेल, पर्यावरणपूरक इमारतीचं प्रमाणपत्र द्यायला तपासणीला येणारे पाहुणेही खूश होतील. ते स्वतः आप्पांना बोलवायला गेले.

आप्पा असे हरखले की बास! म्हाळसाबाईंनी एकेका मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला. सगळं ऑफिस मोबाइल काढून फाटकाशी उभं होतं, मीसुद्धा.

आप्पांची एक रीत होती. परक्या रानात कळप सोडायच्या आधी ते गवताची काडी तोडून चावून बघायचे. कडू लागली तर कळप माघारी.

"चाखा की आधी," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"आपल्याच रानाला व्हय गं?" आप्पा हसले आणि त्यांनी शीळ घालून मेंढरं आत सोडली.

दुपारी पहिली मेंढी पाय झाडत पडली. तोंडाला फेस. मग दुसरी, मग तिच्या मागची. आप्पा एकीचं डोकं मांडीवर घेत, तोवर दुसरी कोसळे. संध्याकाळपर्यंत एकही उरली नाही. पाहुणे यायचे म्हणून बागेच्या ठेकेदारानं आदल्या दिवशी गवताची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या किडीवर विषारी औषध मारलं होतं. कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि फाटकावर पाटी, की इथे विषारी फवारणी होत नाही!

"बिचाऱ्याला काय ठाऊक मेंढ्या येणारेत ते," विश्वजित सर ठेकेदाराबद्दल म्हणाले. बिचारा तो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलून एक मेंढी उठणार नव्हती. प्रमाणपत्र मिळालं. भंडारा लावलेल्या कळपाचा फोटो मोठा करून दारातच लावलाय. आप्पांना हिरवळीच्या कामाला ठेवलं, म्हणजे आता ते तिथंच बॅटरीवरचं यंत्र ढकलतात.

परवा सकाळी मी जवळून गेले. यंत्र बंद होतं. आप्पा खाली वाकले, काडी तोडली, तोंडात घालून सावकाश चावली.

"आप्पा, आता कशाला?"

"राहिलं होतं ना ताई," ते म्हणाले आणि थुंकून पुढची काडी तोडली.